काश्मीरच्या घरातला कोळसा : खरेदी, हिशेब आणि खिडकीची फट

चिल्ला हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. बाळंतिणीचा चिल्ला असतो, जमातीत निघणाऱ्यांचा चिल्ला असतो. काश्मिरात थंडीचाही चिल्ला असतो. २१ डिसेंबरला चिल्ला-ए-कलान बसतो आणि तो चाळीस दिवस चालतो. मग वीस दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा. एकूण सत्तर दिवस. या दिवसांत श्रीनगरात रात्रीचा पारा शून्याच्या बराच खाली जातो, दल सरोवराचा काठ गोठतो, नळातले पाणी गोठते. आपल्याकडे नाशिक-निफाडला पाच अंशांवर पारा आला की वर्तमानपत्रात फोटो येतो. तिथे तेवढी ऊब असलेली रात्र लोक बरी मानतात.

हिवाळ्यात आपल्या गावांत शालींचे गाठोडे घेऊन फिरणारे काश्मिरी भाई सगळ्यांनी पाहिले असतील. त्यांची बायका-मुले, आई-वडील त्या वेळी तिकडेच असतात. ती घरे कशावर ऊब घेतात, त्याला किती पैसा लागतो आणि तो केव्हा लागतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. म्हणूनच आपल्या संस्थांची मदत बहुतेक वेळा जानेवारीत ब्लँकेटच्या रूपाने जाते. ब्लँकेट वाईट नाही. पण तिथला हिवाळा निम्मा-अधिक कोळशाच्या गोणीवर निभतो, आणि ती गोणी जानेवारीत नव्हे, सप्टेंबर-ऑक्टोबरात घ्यायची असते.

कोळसा कोणता?

मराठीत आपण दोन्हीला कोळसाच म्हणतो, पण लोणारी कोळसा वेगळा आणि दगडी कोळसा वेगळा. लोणारी म्हणजे लाकूड अर्धवट हवेत जाळून केलेला. आपल्याकडे तो आता इस्त्रीवाल्याकडे नाहीतर कबाबच्या शेगडीवरच दिसतो. काश्मिरात तो घराघरांत लागतो, कारण कांगडी. मातीचे भांडे, त्याभोवती वेताचे विणकाम, वर धरायला कडी, आणि निखारे हलवायला दोरीला बांधलेला छोटा चमचा. चरार-ए-शरीफ आणि बांदीपोऱ्याच्या कांगड्या नावाजलेल्या. फेरन म्हणजे तो सैल, लांब अंगरखा. त्याच्या आत कांगडी धरून माणूस बसतो, चालतो, दुकान चालवतो. एका कांगडीत पाव किलोच्या आसपास कोळसा मावतो आणि राखेखाली झाकून ठेवला तर पाच-सहा तास धग देतो.

हा कोळसा चिनारच्या पानांचाही करतात. पानगळीत, ज्याला काश्मिरीत हारुद म्हणतात, बायका बागांमधून आणि रस्त्याकडेने पाने झाडून ढीग लावतात, पेटवतात आणि वेळेवर पाणी शिंपडून विझवतात. पानांचा कोळसा हलका, लवकर पेटणारा. सफरचंदाच्या बागेत छाटलेल्या फांद्यांचा कोळसा जास्त टिकतो. ज्यांची बाग आहे त्यांचा निम्मा प्रश्न घरीच सुटतो. शहरात भाड्याने राहणाऱ्याला मात्र प्रत्येक किलो विकत घ्यावा लागतो.

दगडी कोळसा आणि लाकूड जाते बुखारीत. बुखारी म्हणजे लोखंडी पत्र्याची बंद शेगडी. तिचा धूर नळकांड्यातून घराबाहेर जातो. वर पाण्याचे भांडे ठेवले की वुजूचे पाणीही तापते. तिसरा प्रकार हमाम. खोलीखाली पोकळी ठेवायची, तिच्यात लाकूड जाळायचे, वर दगडी लाद्या. लादी तापते आणि तासन्‌तास ऊब सोडते. अनेक मशिदींत असा हमाम असतो. फजरनंतर मोहल्ल्यातले म्हातारे तिथेच बसतात, कुणी कुराण वाचतो, कुणी गप्पा मारतो. ज्याच्या घरी बुखारी पेटवायची ऐपत नाही त्यालाही ती लादी तेवढीच गरम. हमामचे लाकूड मोहल्ल्याच्या वर्गणीतून येते. घाऊक खरेदीची ही जुनी आणि सगळ्यात शहाणी पद्धत आहे, असे आमचे मत. शंभर घरांनी शंभर बुखाऱ्या पेटवण्यापेक्षा एक लादी तापवणे स्वस्तच पडणार.

वीज नाही का, असे कुणी विचारेल. आहे. पण काश्मीरची बरीचशी वीज नद्यांच्या पाण्यावर होते, आणि थंडीत नद्यांचे पाणी घटते. म्हणजे मागणी सर्वांत जास्त असते तेव्हाच घरची वीजनिर्मिती सर्वांत कमी. भारनियमनाचा अनुभव आपल्यालाही आहे. फक्त आपल्याकडे पंखा बंद पडतो.

हारुदमध्येच खरेदी का?

पहिले कारण रस्ता. खोऱ्यात बाहेरून येणारा बहुतेक माल जम्मू-श्रीनगर महामार्गाने येतो. रामबन-बनिहालच्या पट्ट्यात दरड कोसळली किंवा बर्फ पडला की ट्रक थांबतात. बोगद्यांनी फरक पडला. २०१७ मध्ये चेनानी-नाशरी आणि २०२१ मध्ये बनिहाल-काझीगुंडचा नवयुग बोगदा सुरू झाला. २०२५ च्या जूनमध्ये चिनाब पुलावरून कटरा-श्रीनगर रेल्वेही धावू लागली. तरी त्याच वर्षी ऑगस्टअखेरच्या अतिवृष्टीत हा महामार्ग तुटला आणि ऐन हंगामात सफरचंदांचे ट्रक अडकून फळ सडले. जिथे जायची वाट बंद होते तिथे यायचीही होते. रस्ता बंद झाला की गॅस, भाजी, कोळसा सगळ्यांचा भाव चढतो.

दुसरे कारण ओल. हारुदमध्ये कोळसा कोरडा मिळतो. बर्फ पडल्यावर घेतलेल्या गोणीत पाणीही विकत येते, त्याबद्दल पुढे सांगतो.

तिसरे कारण साधे आहे. चिल्ला-ए-कलानमध्ये ज्याच्याकडे कोळसा नाही त्याला भाव करायला जागाच नसते. म्हणून जुन्या घरांत भाज्या उन्हात वाळवून ठेवणे आणि कोळसा भरून ठेवणे ही एकाच मोसमाची कामे मानतात.

आता किती घ्यायचा? वर्गात फळ्यावर मांडतो तसा हिशेब मांडू. पाच माणसांचे घर, चार कांगड्या. प्रत्येक कांगडी दिवसातून दोनदा भरायची, म्हणजे एका कांगडीला अर्धा किलो. चार कांगड्यांना दिवसाला दोन किलो. तिन्ही चिल्ल्यांचे सत्तर दिवस धरले तर १४० किलो. पण थंडी काही २१ डिसेंबरलाच सुरू होत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत १२० दिवस धरले तर २४० किलो. बुखारीचे लाकूड किंवा दगडी कोळसा याच्याबाहेर.

समजा ऑक्टोबरात भाव किलोला ३० रुपये आहे आणि जानेवारीत ४५. हे आकडे फक्त हिशेबासाठी, खरा भाव गावोगाव वेगळा. सत्तर दिवसांचे १४० किलो जानेवारीच्या भावाने घेतले तर २,१०० रुपये जास्त जातात. गंमत बघा, हे जास्तीचे पैसे कोण देतो? ज्याच्याकडे ऑक्टोबरात एकरकमी चार-सात हजार रुपये नव्हते तो. पगारदार माणूस स्वस्तात घेतो आणि रोजंदारीवाला महागात. गरिबी अशी महाग असते. आपल्याकडे पाव किलो तेल आणि पाच रुपयांची चहापत्तीची पुडी घेणाऱ्याचेही हेच होते.

गोणी कशी बघावी?

कोळसा गोणीवर घेऊ नये, वजनावर घ्यावा. गोणी फुगलेली दिसते, आत काय आहे ते उलटी केल्याशिवाय कळत नाही. समजा ४० किलोची गोणी ३० रुपयांनी १,२०० ला घेतली. तिच्यात दहावा हिस्सा पाणी आणि दहावा हिस्सा भुकटी-माती निघाली, तर कामाचा कोळसा ३२ किलोच. म्हणजे भाव ३० नाही, साडेसदतीस पडला. शिवाय ओला कोळसा पेटताना आपली निम्मी ताकद ते पाणी उडवण्यातच घालवतो असे म्हणतात. निम्मी नाही, पण काही जातेच.

चांगला लोणारी कोळसा ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. मोडला की आतून काळा आणि चकचकीत दिसतो. आत तपकिरी रंग दिसला, तुकडा मोडायला चिवट लागला, तर तो अर्धा लाकूडच आहे. असा कोळसा धूर करतो, डोळे चुरचुरवतो. हाताला फार गार आणि जड लागला तर ओल समजावी. आणि गोणी वरून नव्हे, तळातून बघावी. भुकटी तळाशीच असते. भुकटी टाकूनही द्यायची नाही. कांगडीत खाली भुकटी आणि वर तुकडे, अशीच ती भरतात.

दगडी कोळशाचे मोजमाप वेगळे. त्यात राख किती उरते ते बघायचे. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळ असते. एक-दोन किलो आणून जाळून बघावा, उरलेली राख तोलावी, मग गाडी बोलवावी. दगडी कोळसा नळकांडे नसलेल्या कांगडीत किंवा उघड्या शेगडीत कधीही घालू नये. त्यात गंधक असते आणि त्याचा वायू छातीला झोंबतो.

साठवणीबद्दल दोनच गोष्टी. जमिनीवर फळ्या टाकून त्यावर गोण्या ठेवाव्यात, भिंतीपासून थोड्या दूर, म्हणजे ओल चढत नाही. आणि नुकताच पाडलेला कोळसा लगेच घरात भरू नये. वरून विझलेला दिसला तरी आत ठिणगी राहते, आणि ताजा कोळसा हवा लागून आपोआप तापूही शकतो. एक-दोन दिवस उघड्यावर पसरून मगच आत न्यावा.

दहा घरांनी मिळून एक छोटा टेम्पो मागवला तर वाहतूक वाटली जाते आणि वजनकाट्यावर उभे राहायला दोन माणसेही मिळतात. काट्यावर उभे राहणे हा काही अविश्वास नाही. मापात मारणाऱ्यांबद्दल कुराणात सूरह अल-मुतफ्फिफीन आहे. दुकानदारानेही ते वाईट वाटून घेऊ नये.

इथे एक प्रश्न हमखास येतो. एवढा साठा करणे म्हणजे साठेबाजी नाही का? नाही. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम आपल्या घरच्यांसाठी वर्षभराचे धान्य बाजूला ठेवत, हे सहीह बुखारीत आले आहे. घराच्या गरजेपुरते भरून ठेवणे वेगळे, आणि रस्ता बंद होईल या आशेवर गोदाम कुलूपबंद करून बसणे वेगळे. दुसऱ्याला इहतिकार म्हणतात आणि त्याची मनाई स्पष्ट आहे.

कोळसा खरेच स्वस्त आहे का?

भावावरून कळत नाही, उष्णतेवरून कळते. लोणारी कोळशाच्या एका किलोत साधारण ६,५०० किलोकॅलरी उष्णता असते. वाळलेल्या लाकडात ३,५०० च्या आसपास. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये किलोला ११,००० च्या आसपास, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये दीड लाखाहून जास्त. विजेच्या एका युनिटमध्ये ८६०. आता आपापल्या गावचा भाव या आकड्याने भागायचा. ३० रुपयांचा कोळसा हजार किलोकॅलरीला साडेचार-पावणेपाच रुपये पडतो. तोच ४५ ला घेतला तर जवळजवळ सात. सिलिंडर हजार रुपये धरला तर साडेसहाच्या आत. वीज चार रुपये युनिट धरली तर साडेचार-पावणेपाच. म्हणजे ऑक्टोबरचा कोळसा विजेच्या बरोबरीने बसतो, आणि जानेवारीचा कोळसा गॅसपेक्षाही महाग. कोळसा स्वस्त असतो तो वेळेवर घेतला म्हणून.

कांगडीची खरी बचत दुसरीकडेच आहे. ती खोली तापवत नाही, माणूस तापवते. मोठी खोली गरम करायला जे जळण लागते त्याच्या अंशभर तिला लागते. पण अंगाला चिकटून निखारा ठेवण्याची किंमतही आहे. वर्षानुवर्षे पोटाच्या आणि मांडीच्या त्याच जागी चटका बसून होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ मध्ये केली होती. त्याला कांगडी कॅन्सर असेच नाव पडले. कातडी जाळीदार, काळसर झाली किंवा जखम भरत नसेल तर डॉक्टरला दाखवावे.

आणि हवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काश्मीर खोऱ्याची थंडीतली हवा तपासली होती. ज्या हवेचे आपण गोडवे गातो ती हिवाळ्यात फार खराब होते आणि त्यात घरगुती कोळशाचा वाटा सर्वांत मोठा, असे त्यांना आढळले. खोरे वाटीसारखे आहे, थंडीत धूर वर जातच नाही.

खिडकीची फट

जिथे एक पैसाही वाचवायचा नाही अशी जागा ही. निखारा लाल झाला, धूर थांबला, की आपल्याला वाटते आता धोका संपला. उलट असते. धूर डोळ्यांना कळतो. पण कमी हवेत धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला ना रंग ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते आणि झोप येते. झोप आली म्हणजे ऊब लागली असे माणसाला वाटते, आणि तो उठतच नाही.

५ जानेवारी २०२५ ला श्रीनगरच्या पांद्रेठन भागात भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबातले पाच जण असेच गेले. आई, वडील आणि तीन लहान मुले. खोलीत उष्णतेसाठी लावलेल्या साधनामुळे गुदमरून मृत्यू झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, आणि बहुतेकदा भाड्याच्या छोट्या खोलीतल्या असतात. तिथे बुखारीचे नळकांडे काढायला घरमालकाची परवानगी लागते, आणि थंडी आत येऊ नये म्हणून फटींत कापड कोंबलेले असते.

तेव्हा झोपताना कांगडी, शेगडी, गॅसचा हीटर, काहीही पेटते ठेवायचे नाही. खोली आधी तापवावी, झोपताना निखारे बाहेर काढावेत, मग रजई. रात्री आग पेटती ठेवून झोपू नका, असा हुकूम हदीसमध्ये आहे. मदिनेत रात्री एक घर जळाले तेव्हा आग तुमची दुश्मन आहे, झोपताना ती विझवा, असे सांगितले गेले. चौदाशे वर्षांपूर्वीची ही सूचना आजच्या कोणत्याही सरकारी पत्रकात जशीच्या तशी बसेल. जागे असतानाही खिडकी दोन बोटे उघडी हवी. बुखारीचे नळकांडे हंगामाआधी काढून झाडावे, पक्ष्याचे घरटे किंवा काजळीचा गोळा अडकलेला असू शकतो.

कुणाला त्रास झालाच तर आधी दार-खिडक्या उघडून माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग दवाखाना. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवू नका. कोरोनापासून तो घरोघरी आहे, पण या विषबाधेत तो ९८-९९ दाखवू शकतो, कारण त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. डॉक्टरांना 'बंद खोलीत कोळसा पेटत होता' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

हे फक्त तिकडचे नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी आणि धुरी अजून चालते, तीही दारे लावून. दादी-नानींचा हेतू चांगला असतो. पण सव्वा महिन्याच्या चिल्ल्यात आई आणि नवजात बाळ त्याच हवेत श्वास घेतात. शेगडी बाहेर पेटवा, वीट किंवा कापड गरम करून आत न्या, आणि खोलीची एक खिडकी उघडी ठेवा. गुलमर्ग किंवा मनालीला फिरायला जाल तेव्हा हॉटेलवाल्याने प्रेमाने आणून दिलेली शेगडीही झोपण्याआधी परत द्या.

मदत केव्हा पाठवायची?

मशिदीत, शाळेत, वस्तीत आपण वर्गणी काढतो ती बर्फाचे फोटो मोबाइलवर आल्यावर. तोवर कोळसा महाग झालेला असतो, रस्ता कधीही बंद होण्याच्या बेतात असतो. जकातीचेही तसेच. बहुतेक घरे रमजानमध्ये जकात काढतात. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला, म्हणजे चिल्ला-ए-कलान उलटून गेल्यावर. पुढची दोन-तीन वर्षेही तो थंडीतच येणार. रमजानची रक्कम जाईपर्यंत त्या घराने जानेवारीचा कोळसा उधारीवर घेतलेला असेल.

जकातीचे वर्ष पूर्ण होण्याआधी ती आगाऊ देता येते, असे बहुतेक उलमा सांगतात. आपल्या मसलकच्या आलिमांना विचारून घ्यावे. ज्यांना जमेल त्यांनी जकातीचा किंवा सदक्याचा एक हिस्सा ऑगस्टमध्येच बाजूला काढावा आणि सप्टेंबर संपायच्या आत पोहोचवावा. रोख द्यावी की कोळसाच घेऊन द्यावा हे तिथल्या ओळखीच्या माणसावर सोडावे. एखाद्या घराला कोळशापेक्षा बुखारीचे नळकांडे जास्त गरजेचे असू शकते. दरवर्षी आपल्या गल्लीत येणारा शालवाला ऑक्टोबर-नोव्हेंबरात घर सोडतो. यंदा तो आला की शालीचा भाव करण्याआधी त्याला एवढे विचारा, की घरी कोळसा भरून आलास का, आणि तुझ्या मोहल्ल्यात कुणाचा भरायचा राहिला आहे.